मधल्या पुस्तकाशी अडलेल्यांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात यादोगोपाळ पेठेत आमच्या घराच्या माडीवर दर रविवारी सकाळी दहा-बारा जण मिळून पुस्तक वाचतो. एक जण मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात आणि मग बोलतात. यंदाच्या पावसाळ्यात अमेरिकन विज्ञानकथालेखक आयझॅक आसिमॉव्ह यांच्या 'फाउंडेशन' मालिकेतलं मधलं पुस्तक लावलं आहे. 'लावलं' हा शब्द मी मुद्दाम वापरते. श्रावणात घरी पोथी लावतात, तसंच हे आहे: ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि ठरलेला अध्याय. नव्याने येणारे बहुतेक जण तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान.

मधलं पुस्तक म्हणजे नेमकं कोणतं?

'फाउंडेशन' 1951 मध्ये आलं, 'फाउंडेशन अँड एम्पायर' 1952 मध्ये आणि 'सेकंड फाउंडेशन' 1953 मध्ये. यातलं 1952 चं ते मधलं. पुढे आसिमॉव्ह यांनी 1982 पासून आणखी पुस्तकं लिहिली. काही मागे जाणारी, काही पुढे नेणारी. पण मूळ त्रयी ही तीनच आणि आम्ही तेवढीच धरतो.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण तिच्यामुळे वाचण्याची पद्धतच बदलते. ही तीन पुस्तकं पुस्तकं म्हणून लिहिलीच गेली नव्हती. 'अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन' या अमेरिकन मासिकात 1942 ते 1950 या काळात सुट्या गोष्टी छापून आल्या. पहिली गोष्ट सुचली तेव्हा आसिमॉव्ह एकवीस वर्षांचे होते आणि न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतून संपादक जॉन कॅम्पबेल यांना भेटायला निघाले होते. नंतर त्याच गोष्टी तीन खंडांत बांधल्या गेल्या. मधल्या खंडात दोनच लांब गोष्टी आल्या. 'द जनरल' ही एप्रिल 1945 मध्ये दुसऱ्या नावाने आली होती आणि 'द म्यूल' नोव्हेंबर-डिसेंबर 1945 मध्ये दोन हप्त्यांत. म्हणून या पुस्तकाला मधोमध एक शिवण आहे. ती शिवण दिसली की पुस्तक कसं वाचायचं हे आपोआप कळतं.

पहिलं पुस्तक न वाचता थेट मधलं वाचलं तर चालेल का?

हा प्रश्न आला की आमच्याकडे कुणीतरी गुरुचरित्राच्या चौदाव्या अध्यायाचा दाखला देतंच. तो अध्याय सुटा वाचणारी घरं पुष्कळ आहेत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मासिकातून आलेल्या गोष्टी असल्यामुळे इथेही मागचं थोडक्यात सांगितलेलं आहे. नवीन वाचकाला कळावं म्हणून आसिमॉव्ह यांना दर गोष्टीत ही उजळणी करावी लागे आणि शेवटी शेवटी ते तिला कंटाळलेही होते. तेव्हा कळायचं म्हणाल तर कळेल.

तरीही माझं उत्तर 'नको' असंच आहे. पहिलं पुस्तक तुमच्या मनात एक विश्वास तयार करतं. मधल्याचं सगळं काम त्या विश्वासावर चालतं. तो विश्वासच नसेल तर हे पुस्तक म्हणजे नुसती अवकाशातली पळापळ वाटेल.

पहिलं वाचून तीन-चार वर्षं झाली. आता काहीच आठवत नाही. पुन्हा सगळं वाचू का?

सगळं नको. इतकं आठवलं तरी पुरे.

आकाशगंगेवर बारा हजार वर्षं चाललेलं एक साम्राज्य आहे. त्याची राजधानी ट्रँटॉर. हारी सेल्डन नावाचा गणितज्ञ सांगतो की हे साम्राज्य कोसळणार, ते थांबवता येणार नाही आणि त्यानंतर तीस हजार वर्षं अंदाधुंदी चालेल. ती एक हजार वर्षांवर आणता येईल असं त्याचं गणित म्हणतं. त्यासाठी तो आकाशगंगेच्या कडेला, टर्मिनस नावाच्या धातू नसलेल्या गरीब ग्रहावर, विद्वानांची एक वसाहत उभी करतो. तीच फाउंडेशन. ठराविक काळाने वसाहतीवर संकट येतं. प्रत्येक वेळी तिच्यासमोर एकच वाट उरते आणि ती वाट धरली की संकट टळतं. मग एका बंद दालनात सेल्डनची आधीच चित्रित करून ठेवलेली प्रतिमा उमटते आणि सांगते की असंच घडणार होतं.

त्याच्या शास्त्राचं नाव सायकोहिस्टरी. त्याचे दोन नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. एक, माणसांची संख्या प्रचंड हवी. दोन, त्या माणसांना हे गणित माहीत नसावं. वायूच्या एका रेणूचं पुढे काय होईल ते सांगता येत नाही, पण सिलिंडरभर वायूचा दाब मात्र सांगता येतो. तोच विचार इथे आहे.

आमच्या गटात एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक काका आहेत. त्यांना हा भाग समजावून सांगावाच लागला नाही. त्यांनीच आम्हाला सांगितला. मे महिन्यातल्या शनिवारी सकाळी सातारा स्टँडवर महाबळेश्वरच्या गाड्यांना किती गर्दी होणार हे ते वर्षानुवर्षं अचूक सांगत आले. पण रांगेतला तिसरा माणूस मेढ्याला उतरणार की शेवटपर्यंत जाणार हे मात्र त्याने तिकीट मागेपर्यंत त्यांना कधीच सांगता आलं नाही. काकांची ही रांग आम्ही पुस्तक संपेपर्यंत सोडली नाही.

मालिकेतलं मधलं पुस्तक नेहमी रटाळ असतं म्हणतात. खरं आहे का?

हा समज इतका रुजला आहे की पुस्तक उघडायच्या आधीच माणूस कंटाळायची तयारी करून बसतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

आधी साध्या गोष्टी पाहू. विज्ञानकथेतला ह्यूगो पुरस्कार मधल्या पुस्तकांनाही मिळालेला आहे. किम स्टॅनले रॉबिन्सन यांच्या मंगळ त्रयीतल्या दुसऱ्या पुस्तकाला तो 1994 मध्ये मिळाला आणि एन. के. जेमिसिन यांच्या त्रयीतल्या दुसऱ्याला 2017 मध्ये. म्हणजे मधलं पुस्तक हे नुसतं ओलांडायचं गाव असतं असं काही नाही.

आता मुद्द्याचं. पहिलं पुस्तक वाचताना काय होतं ते आठवून पाहा. पहिल्या संकटाला आपण घाबरतो. दुसऱ्याला जरा कमी. तिसऱ्या संकटापर्यंत आपण पाय पसरून बसलेलो असतो, कारण आता आपल्याला माहीत असतं की सेल्डन येणार आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगणार. लेखकाने आपल्याला ही सवय लावलेली असते. फाउंडेशनच्या माणसांनाही तीच सवय लागलेली असते. त्यांचं शासन सुस्त होतं, गादी बापाकडून मुलाकडे जायला लागते आणि सगळे म्हणतात, सेल्डन बघून घेईल.

मधलं पुस्तक या सवयीला हात घालतं. पहिल्या गोष्टीत ती सवय अगदी टोकाला नेऊन दाखवतं आणि दुसऱ्या गोष्टीत विचारतं, हे गणित मांडताना काय धरलंच नव्हतं? पहिल्या पुस्तकाला असा प्रश्न विचारणं शक्य नव्हतं, कारण तेव्हा अजून विश्वासच बसायचा होता. तिसऱ्यात विचारला असता तर उशीर झाला असता. हा प्रश्न मधल्यातच विचारता येतो आणि तो इथे इतक्या ताकदीने विचारला आहे की तीन पुस्तकांपैकी मला हेच सगळ्यात मोठं वाटतं.

हे सुचलं कसं, तेही सांगण्यासारखं आहे. सेल्डनची योजना आता उधळून लावायला हवी, असं कॅम्पबेल यांनी सुचवलं. आसिमॉव्ह हादरले, नको म्हणाले, पण अखेर लिहायला बसले. आपणच उभं केलेलं घर हलवून पाहायला लेखकाला किती धैर्य लागलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पहिला भाग, 'द जनरल', फार संथ आहे. तो सोडून थेट 'द म्यूल'वर गेलो तर?

कृपा करून जाऊ नका. हा भाग संथ वाटतो हे मला मान्य आहे. माणसं बसून बोलतात, निरोप जातात, निरोप येतात. पण दोन गोष्टी धरून वाचा.

पहिली, राजकारण. म्हातारं झालेलं साम्राज्य आहे, तरी त्याच्यात बळ उरलेलं आहे. त्याचा एक तरुण, कर्तबगार, सैनिकांचा लाडका सेनापती फाउंडेशनवर चालून येतो. आसिमॉव्ह यांनी गिबन यांचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा अठराव्या शतकातला ग्रंथ वाचला होता आणि हा सेनापती बेलिसारियसवरून घेतला आहे. सहाव्या शतकात जस्टिनियन सम्राटासाठी बेलिसारियसने इटली जिंकत आणली होती. सन 540 मध्ये राव्हेना हाती आलं आणि त्याच वर्षी सम्राटाने त्याला परत बोलावून घेतलं. इतकं कळलं तरी पुढचं वाचताना एक वेगळीच धाकधूक लागते. शेवट मी सांगत नाही.

साताऱ्याच्या माणसाला हा भाग परका वाटू नये. आमच्या माडीवरून अजिंक्यतारा दिसतो. 1749 मध्ये शाहू महाराज गेले. पुढच्याच वर्षी ताराबाईंनी त्यांच्यामागून गादीवर आलेल्या रामराजांना याच किल्ल्यावर कैदेत ठेवलं. सिंहासन साताऱ्यात आणि निर्णय पुण्यात, अशी मग अनेक वर्षं गेली. सम्राट आणि सेनापती यांच्यात कोण कुणाला भितं, कुणाचं बळ वाढलं की कुणाला झोप येत नाही, हे आम्हाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. त्या रविवारी गप्पा ट्रँटॉरवरून सुरू झाल्या आणि पेशवे दरबारात जाऊन संपल्या. मला त्यात काही गैर वाटलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या भागात दोन भली माणसं जिवाचं रान करतात. त्यांच्या धडपडीचं शेवटी काय होतं, त्याने नेमका किती फरक पडतो, हे नीट पाहून वहीत एका ओळीत लिहा. मगच 'द म्यूल' सुरू करा. दोन भागांचं एकमेकांशी भांडण आहे. पहिला भाग एक म्हणतो, दुसरा त्याच्या बरोबर उलट. एक बाजू न ऐकता दुसरी ऐकली तर निवाडा कसा करणार?

म्यूल कोण आहे?

हे आमच्याकडे कुणीही सांगत नाही. रविवारच्या वाचनाचा हा एकच कडक नियम आहे.

सेल्डनच्या गणितात न बसलेल्या, दुसऱ्या भागातल्या या माणसाच्या नावाबद्दल मात्र बोलते. म्यूल म्हणजे खेचर. आपल्या भाषेत 'खेचर' शब्दाला आणखी एक अर्थ आहे. 'ख' म्हणजे आकाश, आणि आकाशात संचार करणारा तो खेचर. ग्रहांना आणि पक्ष्यांना जुन्या ग्रंथांत हाच शब्द येतो. इंग्रजी वाचणाऱ्याला फक्त जनावर दिसतं. मराठी वाचकाला त्याच शब्दात ग्रहताऱ्यांमधून फिरणारा कुणीतरीही ऐकू येतो. लेखकाच्या मनात हे असण्याचा प्रश्नच नाही, पण आपल्याला मिळालं आहे तर का सोडावं? जनावराचा जो अर्थ आहे तोही विसरू नका. हे नाव त्याने स्वतः निवडलेलं आहे. का निवडलं, हे शेवटच्या प्रकरणात कळतं आणि तेव्हा वाचणाऱ्याचा आवाज खाली येतो.

पुस्तक हातात घेतल्यावर सगळ्यात आधी काय करू?

अनुक्रमणिका पाहू नका. खरंच पाहू नका. दुसऱ्या भागातल्या काही प्रकरणांच्या नावांतच पुढचं फुटतं. मलपृष्ठही वाचू नका. आमच्या गटात एका बाईंनी अनुक्रमणिकेच्या पानाला कागद चिकटवून पुस्तक लेकीच्या हातात दिलं. मला ती कल्पना फार आवडली.

मला शेवट आधीच कळला आहे. आता वाचून काय उपयोग?

हा प्रश्न विचारणाऱ्यांबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे, कारण माझंही तसंच झालं होतं.

कॉलेजात असताना ज्या वाचनालयातून मी पुस्तकं आणायचे तिथे या त्रयीतलं पहिलं आणि तिसरंच होतं. मधलं कुणीतरी नेलं होतं आणि ते परत आलंच नव्हतं. मी दोन महिने थांबले. मग राहवलं नाही आणि तिसरं घेऊन आले. तिसऱ्या पुस्तकाच्या पहिल्याच भागात म्यूल समोर उभा असतो, कोण आहे ते सरळ सांगितलेलं असतं. त्या रात्री मला रडू आलं होतं. एखाद्या पुस्तकासाठी इतकं वाईट वाटू शकतं हे मला तेव्हा कळलं.

मधलं पुस्तक हाती लागायला पुढे सहा वर्षं गेली. पुण्याहून साताऱ्याला येणाऱ्या गाडीत सुरू केलं. खंबाटकीचा घाट कधी संपला ते कळलं नाही. रहस्य मला माहीत होतं, म्हणून मी रहस्याकडे पाहतच नव्हते. मी पाहत होते की लेखकाने खुणा कुठे कुठे ठेवल्या आहेत. त्या उघड्यावर ठेवल्या आहेत! पानोपानी आहेत. कुठलीही फसवणूक नाही. कोण कुठल्या गावात गेल्यावर तिथे काय घडतं, कोण कुणाशी किती मायेने वागतं, सगळं समोर मांडलेलं आहे. आणि त्यातली एक साधी माया, जी कुणीही मुद्दाम घडवून आणलेली नाही, तीच शेवटी सगळं फिरवते. शेवट माहीत असल्यामुळे मला ती माया पहिल्यापासून दिसत होती.

तेव्हा वाचा. फक्त शेजारी बसलेल्याला सांगू नका.

एक माणूस इतिहास फिरवू शकतो का? तुमच्याकडे यावरून वाद होतात म्हणे.

होतात, आणि खूप होतात. गेल्या महिन्यात एका रविवारी चहा तीनदा झाला.

मराठी वाचकाला या वादात उतरायला जयंत नारळीकर यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही गोष्ट हाताशी आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अशा जगात जाऊन पोहोचतात जिथे 14 जानेवारी 1761 ची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. कारण इतकंच की विश्वासरावांना लागायची गोळी चाटून गेली. एक गोळी इंचभर इकडेतिकडे झाली आणि पुढचं सगळं हिंदुस्थान बदललं. आम्ही मधल्या पुस्तकाचे दोन भाग झाल्यावर एका रविवारी ही गोष्ट वाचतो.

माझ्या भाचीचं म्हणणं असं की नारळीकर आणि आसिमॉव्ह एकाच गोष्टीकडे दोन बाजूंनी पाहतात. नारळीकरांच्या गोष्टीत बदल घडवणारा माणूस, म्हणजे विश्वासराव, काहीच करत नाही, तो नुसता जिवंत राहतो. म्यूल मात्र स्वतः हात घालून फिरवतो. वाहक काकांचं म्हणणं वेगळं. ते म्हणतात, रांगेतला तिसरा माणूस मेढ्याला उतरला म्हणून महाबळेश्वरची गर्दी कमी होत नाही, पण तोच तिसरा माणूस ड्रायव्हर निघाला तर? मला हे वाक्य पुस्तकावरच्या कुठल्याही टीकेपेक्षा नेमकं वाटतं. सेल्डनच्या गणितात सगळे प्रवासी धरले होते. स्टिअरिंगला हात लावू शकेल असा कुणी गर्दीतून येईल, हे त्यात धरलेलं नव्हतं.

माझं मत? पुस्तक स्वतः दोन्हीकडून बोलतं आणि निकाल तिसऱ्या पुस्तकावर टाकतं. मला अजून ठरवता आलेलं नाही. दर वाचनाला मी वेगळ्या बाजूला जाऊन बसते.

इंग्रजी जड जातं. कसं जमेल?

आसिमॉव्ह यांचं इंग्रजी सोपं आहे. छोटी वाक्यं आणि भरपूर संवाद. अडचण होते ती नावांची. ट्रँटॉर, टर्मिनस, कालगान, हेवन अशी ग्रहांची नावं आणि त्याहून विचित्र माणसांची. आम्ही भिंतीवर एक मोठा कागद लावला आहे. नवीन नाव आलं की ज्याने वाचलं त्याने ते देवनागरीत लिहायचं, सोबत तो कोण, कुणाच्या बाजूचा. तिसऱ्या रविवारनंतर कागदाकडे कुणी फारसं पाहत नाही.

काही प्रकरणांच्या आधी एक 'गॅलॅक्टिक विश्वकोशा'तला उतारा येतो. तो खोटा आहे, म्हणजे लेखकानेच रचलेला. तो भरभर वाचा. अडखळायची जागा नाही ती.

इतकं जुनं पुस्तक आज का वाचायचं?

जुनेपण दिसतं, त्याला काही इलाज नाही. हजारो वर्षांनंतरचे लोक सिगार ओढतात आणि घड्याळापासून जहाजापर्यंत सगळं अणुशक्तीवर चालतं. पण तारखा शेजारी ठेवून पाहा. 'द जनरल' मासिकात आली एप्रिल 1945 मध्ये. ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकी झालं. 'द म्यूल'चा पहिला हप्ता नोव्हेंबरमध्ये आला, पण ती लिहून झाली होती बॉम्ब पडायच्या आधी. ज्या वाचकांनी नोव्हेंबरचा अंक उघडला त्यांच्यासाठी अणुशक्ती या शब्दाचा अर्थ तीन महिन्यांत बदलून गेला होता. एका गणितात न बसलेल्या माणसाची गोष्ट ते अशा वेळी वाचत होते. मी त्या वाचकांचा विचार करते तेव्हा पुस्तक मला मुळीच जुनं वाटत नाही.

बायका कुठे आहेत यात?

पहिल्या पुस्तकात जवळजवळ नाहीतच. हा या मालिकेचा उघड दोष आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. मधल्या पुस्तकाच्या अकराव्या प्रकरणात बेटा नावाची तरुण मुलगी येते, नुकतं लग्न झालेली, सासरी निघालेली. उच्चार 'बेटा' होतो म्हणून आमच्याकडे पहिल्या दिवशी सगळे हसले आणि मग तिला सगळे खरंच लाडाने 'बेटा' म्हणायला लागले. आसिमॉव्ह यांनी तिच्यात आपल्या पत्नीचा स्वभाव उतरवला होता. पुस्तकातली तीच एक व्यक्ती आहे जी कुणाच्या योजनेने चालत नाही. तिच्यावर लक्ष ठेवा. याहून जास्त बोलले तर मीच नियम मोडेन.

किती दिवसांत वाचायचं?

आवृत्तीप्रमाणे अडीचशेच्या आसपास पानं आहेत, प्रकरणं सव्वीस. आम्ही आठ रविवार धरतो. 'द जनरल'ची दहा प्रकरणं तीन रविवारी: चार, तीन, तीन. मग 'द म्यूल': अकरा ते तेरा, चौदा ते सोळा, आणि सतरा-अठरा एका रविवारी. अठराव्यानंतर एक आठवडा पूर्ण सुट्टी, पुढे वाचायचं नाही असं सगळ्यांनी कबूल करायचं. 1945 च्या वाचकांनाही मधे महिनाभर थांबावं लागलं होतं. उरलेली आठ प्रकरणं दोन रविवारी.

अठराव्या प्रकरणाच्या रविवारी बाहेर धो धो पाऊस होता आणि वीज गेली होती. शेवटची दोन पानं मोबाईलच्या उजेडात वाचली गेली. वाचून झाल्यावर माडीवर कुणी बोललं नाही. शाळेत शिकणारा एक मुलगा येतो, त्याने मग हळूच विचारलं, "म्हणजे आता कुणीच येणार नाही?" तुम्ही त्या प्रकरणाला पोहोचलात की हा प्रश्न तुम्हाला कळेल.

दुसऱ्या एखाद्या मालिकेसाठी हे चालेल का?

पद्धत चालेल, वेळापत्रक चालणार नाही. लिऊ त्सिशिन यांची चिनी त्रयी पुष्कळ तरुण वाचक वाचतात. तिचं मधलं पुस्तक 'द डार्क फॉरेस्ट' चिनी भाषेत 2008 मध्ये आलं, इंग्रजीत 2015 मध्ये. पहिल्याच्या इंग्रजी भाषांतरकाराने नव्हे, दुसऱ्याच भाषांतरकाराने ते केलं आहे, म्हणून सुरुवातीला सूर बदलल्यासारखा वाटतो. पन्नास पानांत कान बसतो. परग्रहावरचं आरमार निघालेलं आहे, पोहोचायला चारेकशे वर्षं आहेत, तोवर माणसांनी काय करायचं, असा तिथला पेच आहे. सुरुवातीला एका थडग्यापाशी दोन माणसांचं बोलणं होतं. तिथे सांगितलेली दोन गृहीतकं वहीत लिहून ठेवा. शेवटी तीच लागतात. जाडजूड पुस्तक आहे, आठ रविवारांत होणार नाही.

मराठीत अशी त्रयी का नाही?

मराठी विज्ञानकथा मुख्यतः दिवाळी अंकांत आणि मासिकांत वाढली. तिथे जागा असते एका कथेपुरती, म्हणून आपल्याकडे कथा भरपूर, कादंबऱ्या कमी आणि खंडांची मालिका त्याहून कमी. नारळीकर यांची 'कृष्णविवर' 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली आली, तीही कथाच आणि तीही टोपणनावाने पाठवलेली. पण आसिमॉव्ह यांची त्रयीसुद्धा मासिकातल्या सुट्या कथांतूनच बांधली गेली, हे विसरू नका. एकाच जगातल्या सात-आठ कथा सात-आठ दिवाळ्यांत लिहिणारं कुणी आपल्याकडे निघालं तर? आमच्याकडच्या एका मुलीने दोन लिहिल्या आहेत. तिसरीवर ती अडली आहे. तिला मी रोज विचारत नाही, पण वाट पाहते.

मराठी विज्ञानकथा एकदम पुष्कळ चाळायच्या असतील तर पाचगणीजवळच्या भिलारला जा. 4 मे 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत मराठी पुस्तकं विषयवार मांडली आहेत. कुणाच्याही ओसरीवर बसून वाचता येतं. पावसाळ्यात स्वेटर न्या.

मुलांना आणलं तर चालेल?

आठवी-नववीपासून पुढची जरूर आणा. हिंसा आहे, पण अंगावर येणारी नाही. लहान मुलं दोन तास बसत नाहीत आणि त्यांना बसवूही नये.

मधलं संपलं की लगेच तिसरं घेऊ का?

एक आठवडा थांबा आणि त्या आठवड्यात मधल्याचं शेवटचं प्रकरण एकट्याने पुन्हा वाचा. गटात ऐकताना ते फार वेगाने जातं.

रविवारी येताना काय आणायचं?

पुस्तक, वही, पेन्सिल. पुस्तक नसेल तर नुसतं या, एकात तिघे वाचतात. दहा वाजता सुरू होतं. जिना अरुंद आहे आणि पावसात निसरडा होतो, छत्री खालीच ठेवा. कंदी पेढे दर वेळी कुणी ना कुणी आणतंच, तेव्हा तुम्ही भडंग आणलंत तर बरं होईल.